व्हिडिओ एका बँडचा, कव्हर दुसऱ्याच? या चुका टाळा

कॉलेजच्या प्रोजेक्टला म्युझिक व्हिडिओ आणि सोबत अल्बमचं कव्हर किंवा डिजिपॅक (सीडीचं पुठ्ठ्याचं, घडीचं पाकीट) असं दोन्ही मागितलं की काय होतं, सगळा ग्रुप शूटला पळतो आणि ज्याला फोटोशॉप येतं त्याच्या गळ्यात कव्हर पडतं, तेही सबमिशन तोंडावर आल्यावर. मग वेगवेगळं बघितलं तर दोन्ही छान, पण शेजारी ठेवलं की वाटतं दोन निराळे बँड आहेत. व्हायव्हाला सर विचारतात कनेक्शन काय, आणि उत्तर येतं, "दोन्हीत ब्लू आहे ना सर."

समजा गाणं होस्टेलवर राहायला आलेल्या पोराचं आहे आणि व्हिडिओभर त्याची हिरवी पत्र्याची ट्रंक दिसते. तर कव्हरवर ट्रंक येऊ द्या, तेवढी पुरते. पण तसं कोणी करत नाही, ट्रंकही हवी, एसटीही हवी, खोलीची खिडकी, पाऊस आणि वर हीरोचा चेहरा, असं सगळं कोंबून निवडणुकीचा फ्लेक्स करून ठेवतात. डेट्रॉइटचा द व्हाइट स्ट्राइप्स बँड बघा, लाल-पांढरा-काळा एवढे तीनच रंग, कव्हरवर तेच, कपडे तेच, बऱ्याचशा व्हिडिओंतही तेच, आणि यावर त्यांनी वर्षानुवर्षं काढली.

आता सगळ्यात जास्त दिसणारी चूक. व्हिडिओ पॉज करायचा, स्क्रीनशॉट घ्यायचा, झालं कव्हर. हे का जमत नाही ते नीट बघा. फुल एचडी फ्रेम १९२० बाय १०८० ची, त्यातून चौकोन कापला की हातात उरतात १०८० बाय १०८० पिक्सेल, आणि स्ट्रीमिंगवर गाणं टाकायचं तर डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणं त्या अ‍ॅप्सवर पोचवणाऱ्या कंपन्या, साधारण ३००० बाय ३००० मागतात, म्हणजे जवळपास तिप्पट ताणलं. फोर-के मध्ये शूट केलं तरी चौकोन २१६० चाच निघतो. शिवाय सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर बहुधा १/५० सेकंद असतं, चालत्या सीनमध्ये ते स्मूद दिसतं पण तीच फ्रेम थांबवली की हात, केस सगळं फराटलेलं. आणि फ्रेमिंग आडवं केलेलं असतं, चौकोनात घेताना ट्रंकचं टोक तरी जातं नाहीतर माणसाचा खांदा तरी. त्यामुळे शूटच्याच दिवशी, तोच लाइट, तेच कपडे, तीच ट्रंक, पण कव्हरचे फोटो स्टिल कॅमेऱ्याने वेगळे काढा, उभे-आडवे-चौकोनी सगळे, आणि टायटलसाठी रिकामी जागा सोडून. कॉल शीटमध्ये, म्हणजे शूटच्या दिवसाच्या वेळापत्रकात, त्याला अर्धा तास लिहूनच ठेवा, नाहीतर पॅकअपच्या घाईत ते राहणारच.

मग येतो रंग. व्हिडिओवर टील-ऑरेंज लट (एलयूटी, म्हणजे सगळे रंग एका झटक्यात बदलणारी तयार फाइल) मारायचा ही हल्लीची सवय, तो हिरव्याला ओढून निळसर करतो, आणि कव्हरचा फोटो मात्र मोबाइलमधून आला तसाच, म्हणजे एकीकडे ट्रंक मोरपंखी आणि दुसरीकडे पोपटी! तोच लट फोटोशॉपमध्ये कलर लुकअप लेयरने फोटोलाही लावता येतो, पण फुटेज लॉगमध्ये, म्हणजे मुद्दाम फिकट-सपाट रेकॉर्ड केलेलं, असेल आणि फोटो साधा जेपेग, तर तो डोळे झाकून लावू नका, कॉन्ट्रास्ट भडकतो. व्हिडिओची फ्रेम बाजूला उघडी ठेवून हाताने जुळवा. आणि शूटला व्हाइट बॅलन्स लॉक करा, ऑटोवर ठेवला तर एकाच शॉटमध्ये रंग फिरतो आणि मग नक्की कशाशी जुळवायचं तेच कळत नाही.

मराठी टायटल असेल तर अजून एक भानगड. कव्हरवर एक फॉन्ट, व्हिडिओत भलताच, कारण एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात, मग एडिटर वैतागून सरळ इंग्लिश टायटल टाकतो. प्रीमियरच्या बऱ्याच व्हर्जन्समध्ये प्रेफरन्सेसच्या ग्राफिक्समध्ये टेक्स्ट इंजिन साउथ आशियनवर करून टायटल पुन्हा टाइप करावं लागतं, फोटोशॉपच्या जुन्या व्हर्जन्समध्येही टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये तसंच. तरी जमेना तर कव्हरवरचंच टायटल पारदर्शक पीएनजी करून व्हिडिओत टाका, खरं तर हेच बरं, अक्षर तंतोतंत तेच राहतं. आणि कूल दिसावं म्हणून देवनागरीत अक्षरांमधलं अंतर वाढवू नका हो, शिरोरेषा तुटते आणि नाव दात पडल्यासारखं दिसतं. फुकट आणि बिनधास्त वापरता येणारा फॉन्ट हवा असेल तर 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा 'मुक्ता' आहे, बारीक ते जाड अशी वजनंही भरपूर मिळतात.

प्रिंटचं थोडक्यात सांगते. स्क्रीनवरचा निऑन गुलाबी सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, मरतो आणि रात्रीचे सीन कागदावर अजून काळे पडतात, तेव्हा आधी एक टेस्ट प्रिंट काढा. ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी कडेची जादा जागा, ३ मिलिमीटर सोडा. आणि कव्हर मोबाइलवर नखाएवढं करून बघा, नाव वाचता येत नसेल तर मोठं करा.

सबमिशन उद्यावर आलंय आणि दोन्ही अजून भांडतायत? रीशूट विसरा. टायटलचा फॉन्ट दोन्हीकडे एक करा, व्हिडिओतला एक ठळक रंग आयड्रॉपरने उचलून कव्हरच्या अक्षरांना द्या, ग्रेन (फिल्मसारखा बारीक रवाळपणा) दोन्हीवर सारखा टाका. तरी रंग जुळेनात तर कव्हर ब्लॅक अँड व्हाइट करा, पण मग व्हिडिओचा पहिला किंवा शेवटचा शॉटही ब्लॅक अँड व्हाइट ठेवा, नाहीतर सर विचारणारच.