स्वतःचा फोक रॉक अल्बम स्वतःच प्रोड्यूस करायचाय? मग हे वाचा

सोलो अल्बम घरीच करायचा म्हटलं की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात की माइक कुठला घेऊ. माइकचं नंतर बघू, आधी गाण्यांचा निकाल लावा. जे गाणं एका गिटारवर आणि आवाजावर उभं राहत नाही ते बास, ड्रम, इलेक्ट्रिक चढवून पण उभं राहत नाही, नुसतं मोठ्यानं वाजतं. त्यामुळे प्रत्येक गाणं फोनवर न थांबता एकदा गाऊन घ्या, आठवडाभर त्याला हात लावू नका आणि मग ऐका. आपलंच लक्ष जिथे उडतं तिथे बहुतेक वेळा दुसरा अंतरा पहिल्याचंच परत सांगत असतो, तिथे बिनधास्त कात्री लावा. पट्टी पण आत्ताच ठरवून टाका, कापो, म्हणजे गिटारच्या मानेवर लावून सगळ्या तारा दाबणारा चिमटा, एक-दोन फ्रेट (मानेवरची घरं) वर-खाली करून बघा, कारण बसून गुणगुणताना जी पट्टी सोयीची वाटते ती मागे ड्रम आले की फार खालची पडते आणि शब्द बुडतात. आणि फोक रॉकमध्ये शब्दच बुडाले तर राहिलं काय?

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ आवाज आणि गिटार यांच्यावर घालवायचा, आणि शक्य असेल तर दोन्ही एकत्रच रेकॉर्ड करायचं. अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२चा 'नेब्रास्का' हा अल्बम बघा, घरी फोर-ट्रॅक (चारच ट्रॅक मावणाऱ्या) कॅसेट मशीनवर एसएम५७ या साध्या माइकनी केलेले डेमो, म्हणजे कच्ची रेकॉर्डिंग, होते ते, नंतर बँडबरोबर तीच गाणी करून बघितली पण ती गोष्ट काही परत येईना, शेवटी ती कॅसेटच अल्बम म्हणून आली. म्हणून डेमो आहे, चालतंय, असं म्हणून घाईत काही करू नका, तोच टेक, म्हणजे एका दमात केलेलं रेकॉर्डिंग, पुढे फायनल ठरू शकतो. २४ बिटवर रेकॉर्ड करा, पीक, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, मीटरवर उणे १० ते १२ डीबीच्या आसपास राहू द्या, लेव्हल लालपर्यंत नेण्याची काहीच गरज नसते.

गिटारला तारा आदल्या दिवशी बदला, रेकॉर्डिंगच्या दिवशी बदलल्या तर सूर सतत उतरत राहतो. माइक साउंडहोलच्या समोर अजिबात नको, तिथे नुसती घुम येते, बाराव्या फ्रेटच्या समोर साधारण वीस-पंचवीस सेंटीमीटरवर ठेवा आणि किंचित बॉडीच्या बाजूला वळवा. मग हेडफोन लावून माइक दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे सरकवत ऐका, एवढ्याशा फरकाने पण आवाज किती बदलतो ते कळेल, आणि इथे दिलेली दहा मिनिटं पुढे मिक्सिंगचे तास वाचवतात. गाणं आणि गिटार एकत्र घेताना अडचण ही की गिटारच्या माइकमध्ये आवाज शिरतो आणि आवाजाच्या माइकमध्ये गिटार. फिगर-ऑफ-एट पॅटर्नचा माइक असेल तर त्याला दोन्ही बाजूंना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, ती बहिरी बाजू तोंडाकडे करून गिटारसमोर लावा, बरंच वेगळं होतं. तसा माइक नसेल तर थोडं मिसळलेलं चालेल हो, फक्त मग त्यातला एखादा शब्द नंतर बदलता येणार नाही हे डोक्यात ठेवून गायचं. कापो लावला की तारा थोड्या चढतात, म्हणून कापो लावल्यावरच ट्यून करायचं, तेही प्रत्येक टेकच्या आधी.

क्लिक, म्हणजे हेडफोनमध्ये लय देणारी टिकटिक, लावायचा का नाही यावर लोक फार भांडतात. ज्या गाण्यात ड्रम येणार तिथे लावा, जिथे नाही तिथे सोडून द्या, ध्रुवपदाला लय जराशी पुढे गेली तर गाणं जिवंतच वाटतं. क्लिकला टकटक आवाज न ठेवता शेकरसारखा लूप ठेवला की हात आपोआप सैल पडतो. शेवटचा कॉर्ड विरत असतो तिथे क्लिक बंद करा, नाहीतर हेडफोनमधून गळलेली टिकटिक नेमकी त्या शांततेत ऐकू येते आणि मग ती काढता काढता नाकी नऊ येतात.

आता रॉकची बाजू. आधी बास घ्या, साधा, आवाजाला जागा देणारा. ड्रमला खोली चांगली नसेल तर सिम्बल कमी वाजवायला सांगा आणि स्नेअरवर (ड्रम सेटमधल्या कडक आवाजाच्या मुख्य ड्रमवर) एक पातळ टॉवेल टाका, आवाज छोटा आणि कोरडा होतो, फोकला तो छान बसतो. इलेक्ट्रिक गिटारचा गेन, म्हणजे आवाज फाटून जाड करणारी सेटिंग, मनात असतो त्यापेक्षा कमीच ठेवा, दोन-तीन ट्रॅक एकावर एक आले की तो आपोआप जाड वाटतो. दुसरी अकूस्टिक हवी असेल तर तोच पार्ट परत वाजवू नका, कापो वर लावून वेगळ्या शेपमध्ये वाजवा किंवा नॅशव्हिल ट्यूनिंग करा, म्हणजे खालच्या चार तारांच्या जागी पातळ तारा लावून त्या एक सप्तक वर मिळवायच्या. बारा तारांच्या गिटारची झळाळी येते आणि लो एंड, म्हणजे खालचे जाड आवाज, भरत नाही. मँडोलिन, हार्मोनिका, स्लाइड ही वाद्यं नेमकी त्याच फ्रिक्वेन्सींवर वाजतात जिथे शब्दांची व्यंजनं असतात, म्हणून ओळ चालू असताना त्यांना गप्प ठेवा, ओळ संपली की उत्तर देऊ द्या. एवढं एक पाळलं तर अर्धं मिक्स तिथेच झालं समजा.

एकटं काम करताना खरी पंचाईत ही की थांब म्हणणारं कोणी नसतं. म्हणून गायचा दिवस वेगळा आणि टेक निवडायचा दिवस वेगळा ठेवा. टेक निवडताना आधी एक पूर्ण टेक पसंत करा आणि त्यातले फसलेले शब्दच दुसऱ्या टेकमधून आणा, ओळ-ओळ जोडत बसलात की सूर बरोबर येतो पण माणूस गायब होतो. पिच करेक्शन अगदी एखाद्या स्वरापुरतं. आणि एखादा लेअर, म्हणजे वर चढवलेला ट्रॅक, ठेवू का काढू असं वाटत असेल तर तो म्यूट करून पूर्ण गाणं ऐका, त्याची आठवण आली नाही तर काढा, कितीही मेहनतीने वाजवलेला असू दे.

मिक्स करताना आवाज आणि अकूस्टिक आधी बसवा, बाकीचं त्यांच्याभोवती. अगदी हळू आवाजात, मोनोमध्ये ऐकून शब्द कळतायत का बघा. मास्टरिंग, म्हणजे सगळ्या गाण्यांवरचा शेवटचा हात, मात्र दुसऱ्या कोणाला तरी द्या, इतके महिने तीच गाणी ऐकलेल्या कानांना ते जमत नाही, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसवर (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) सगळ्यांना आणून ठेवतं, त्यामुळे दाबून दाबून मोठं करण्यात फायदा नाही. विनाइलचा विचार असेल तर बारा इंची रेकॉर्डच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटांपर्यंतच चांगलं बसतं, आणि आतल्या वळणांवर हाय फ्रिक्वेन्सी कमी होतात म्हणून बाजूच्या शेवटी शांत गाणं ठेवतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. गाण्याचे हक्क वेगळे आणि रेकॉर्डिंगचे वेगळे, म्हणून ज्यांनी वाजवलं त्यांच्याशी पैसे, नाव, हक्क हे आधीच लेखी ठरवा, मित्र असले तरी. प्रत्येक ट्रॅकला स्वतःचा आयएसआरसी कोड, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, लागतो. पारंपरिक लोकगीत घेत असाल तर मूळ गाणं सगळ्यांचं असलं तरी कोणाची तरी आधुनिक चाल किंवा अरेंजमेंट त्यांची असू शकते, म्हणून जुन्यात जुन्या रूपापासून आपली अरेंजमेंट करा. शेवटी सगळे ट्रॅक एकाच शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या वेव्ह फायलींमध्ये काढून दोन वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा, सोबत प्रत्येक गाण्याचा टेम्पो, ट्यूनिंग आणि कापोचा फ्रेट लिहून ठेवा, कारण पुढे लाइव्ह वाजवायची वेळ येते तेव्हा हेच आठवत नसतं.