दस्तऐवज दुरुस्त करणाऱ्या एआय एजंटसाठी टूलचे वर्णन कसे लिहावे

एआय एजंट, म्हणजे सांगितलेले काम टप्प्याटप्प्याने पार पाडणारे भाषा-मॉडेल, स्वतः फाइल उघडत नाही. त्यासाठी तो आपल्या प्रोग्रॅममधील टूल, म्हणजे एकेक ठरावीक काम करणारी सुविधा, बोलावतो. टूलचे त्याला नाव, वर्णन आणि पॅरामीटरांची (टूलला द्यायच्या माहितीच्या रकान्यांची) रूपरेषा एवढेच दिसते, आणि त्यावरून कोणते टूल कोणत्या मजकुरासह बोलवायचे हे तो ठरवतो. प्रत्यक्ष बदल आपला प्रोग्रॅम करतो. त्यामुळे वर्णनात जे लिहायचे राहिले, ते एजंट अंदाजाने भरून काढतो. इंदूरमधील मराठी मंडळाची कागदपत्रे, म्हणजे सभेचे इतिवृत्त, गणेशोत्सवाची स्मरणिका आणि वार्षिक अहवाल, अशा एजंटकडे सोपवायची आहेत असे समजून पुढील उदाहरणे घेतली आहेत.

‘दस्तऐवजातील मजकूर बदलते’ हे वर्णन खोटे नाही, पण निरुपयोगी आहे. बदल एका ठिकाणी होणार की सगळीकडे, मजकूर सापडला नाही तर काय, यांपैकी कशाचेच उत्तर त्यात नाही. इतिवृत्तात ‘ठराव सर्वानुमते मंजूर झाला’ हे वाक्य जवळपास प्रत्येक विषयाखाली येते, आणि एजंटला त्यातले एकच बदलायचे असते. म्हणून वर्णन असे हवे: ‘जुना मजकूर शोधून त्याच्या जागी नवा मजकूर ठेवते. जुना मजकूर मोकळ्या जागा व विरामचिन्हांसह तंतोतंत जुळला पाहिजे आणि दस्तऐवजात एकदाच आलेला असला पाहिजे. अधिक वेळा आढळल्यास काहीही न बदलता किती ठिकाणी सापडला ते कळवते. अशा वेळी आधीचे किंवा नंतरचे शब्द जोडून पुन्हा बोलवा. नवा परिच्छेद घालण्यासाठी हे टूल वापरू नका.’ शेवटचे वाक्य अनेकजण गाळतात, पण दोन टूलांची कामे एकमेकांजवळची असतील तर एजंटची निवड बहुधा अशाच वाक्यावर ठरते.

‘तंतोतंत’ या शब्दाने देवनागरीत मात्र भागत नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो: ‘ऱ’ या अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, तुलना करताना वेगळे निघतात, आणि युनिकोड या अक्षरे साठवण्याच्या प्रमाणित पद्धतीतील नेहमीचे सामान्यीकरणही (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या साठवणी एकसारख्या करण्याची प्रक्रिया) ही दोन रूपे एक करत नाही. शक्य असल्यास प्रोग्रॅमनेच तुलनेपूर्वी ती एक करावीत आणि वर्णनात तसे सांगावे. नसल्यास ‘जुना मजकूर स्वतः लिहू नका, वाचनाच्या टूलने दिलेल्या उत्तरातून जसाच्या तसा घ्या’ ही सूचना टाकावी.

याच कारणाने ‘कितव्या अक्षरापासून’ असा पॅरामीटर ठेवू नये. ‘क्षि’ वाचताना एक अक्षर वाटते, पण युनिकोडच्या हिशेबात ती ४ चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत १२ बाइट. परिच्छेद क्रमांक बरा. मात्र मोजणी ० पासून की १ पासून, आणि नवा परिच्छेद घातल्यावर पुढचे क्रमांक बदलतात का, हे लिहिलेच पाहिजे.

इंदूरमध्ये आणखी एक बाब येते. मंडळाची नोंदणी मध्यप्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली असते, त्यामुळे निबंधकांकडे पाठवायच्या अहवालाची हिंदी प्रत मराठी प्रतीशेजारीच पडलेली असते. लिपी एकच असल्याने लिपीवरून भाषा ओळखता येत नाही. शुद्धलेखनाच्या टूलने भाषा विचारली नाही, तर हिंदी प्रतीतील ‘कवि’ आणि ‘गुरु’ हे बरोबर शब्द ‘कवी’ आणि ‘गुरू’ होऊन बसतील. भाषा हा पॅरामीटर अनिवार्य ठेवावा, त्याची मूल्ये ‘मराठी’ आणि ‘हिंदी’ एवढीच द्यावीत, आणि दस्तऐवजात दोन्ही भाषा असतील तर परिच्छेदागणिक वेगळे बोलावणे करावे असे सांगावे.

टूलचे नाव बहुतेक सेवांमध्ये रोमन अक्षरांतच द्यावे लागते. वर्णन मराठीत चालते, पण तेवढाच आशय देवनागरीत सहसा अधिक टोकन (मॉडेल मजकुराचे जे तुकडे करून वाचते ते) घेतो आणि टूलची वर्णने प्रत्येक विनंतीबरोबर जातात. माझ्या मते ज्या भाषेत आपल्याला नेमके लिहिता येते ती निवडावी आणि नमुन्याची मूल्ये मात्र दस्तऐवजात असतात तशीच ठेवावीत.

त्रुटीचा संदेशही वर्णनाइतक्याच काळजीने लिहावा, कारण एजंट पुढचे पाऊल तो वाचूनच टाकतो. ‘अयशस्वी’ म्हटल्यावर तो तीच विनंती पुन्हा पाठवत राहील. ‘मजकूर ३ ठिकाणी सापडला: परिच्छेद ४, ९ आणि १३’ म्हटल्यावर विनंती सुधारेल.

वर्णन तयार झाल्यावर सभासद खरोखर सांगतील तशा विनंत्या देऊन पाहाव्यात: ‘मागच्या सभेची तारीख दुरुस्त करा’, ‘खजिनदारांचे नाव सगळीकडे बदला’. एजंटने चुकीचे टूल निवडले तर एका वेळी एकच वाक्य बदलून पुन्हा पाहावे. ‘निबंधकांकडे दाखल झालेल्या प्रतीला हात लावू नका’ असे वर्णनात अवश्य लिहावे, पण त्यावर विसंबू नये: वर्णन ही विनंती असते, मनाई नव्हे, आणि त्या फाइलवर लिहिण्याची परवानगी प्रोग्रॅममध्येच बंद करावी.