कंटेनर तपासणी : नव्या आयातदारांनी या चुका टाळाव्यात

न्हावाशेवा बंदरावर कस्टम ब्रोकर, म्हणजे आयातदाराच्या वतीने सीमाशुल्काची कागदपत्रे हाताळणारा, म्हणून काम करताना नव्या आयातदारांचा एक प्रश्न मला सतत ऐकावा लागतो : "एवढ्या कंटेनरमधून माझाच का उघडला?" बहुतेक चुकांचे मूळ याच प्रश्नात आहे. कोणता कंटेनर उघडायचा हे धक्क्यावरचा अधिकारी ऐनवेळी मनाने ठरवतो, असा त्यांचा समज असतो. प्रत्यक्षात 2005 पासून वापरात असलेली जोखीम व्यवस्थापन प्रणाली कागदपत्रांवरून ही निवड करते, आणि माल ज्या देशातून आला त्या देशाशी आपले संबंध कसे आहेत याचाही तिच्यावर परिणाम होतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे जहाज जिथून सुटले तोच मालाचा मूळ देश समजणे. पुलवामाच्या हल्ल्यानंतर 16 फेब्रुवारी 2019 रोजी पाकिस्तानी मालावरील आयात शुल्क 200 टक्के करण्यात आले. त्याच वर्षी वाशीच्या बाजारातील एक तरुण व्यापारी खारकेचा पहिलाच कंटेनर घेऊन माझ्याकडे आला. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती, दुबईचे होते, मूळ देश संयुक्त अरब अमिराती दाखवला होता आणि भाव बाजारापेक्षा बराच कमी होता. पुरवठादार ओळखीचा आहे, एवढेच तो सांगत राहिला. मी खोदून विचारायला हवे होते, ते विचारले नाही. सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात, दार उघडल्यावर अधिकाऱ्याने एक गोणी बाहेर काढायला लावली आणि तिच्या तोंडाकडे बोट दाखवले. शिवणीचा दोरा नवा होता, पण त्याच्या बोटभर खाली सुईच्या जुन्या भोकांची आणखी एक रांग दिसत होती. गोणी रिकामी करून उलटी केली, तेव्हा आतल्या बाजूस कराचीच्या पत्त्याची छपाई निघाली. माल जप्त झाला, दंड बसला, जागाभाडे आणि डिटेन्शन, म्हणजे कंटेनर वेळेत परत न केल्याचा आकार, वाढत गेले आणि त्या मुलाने घरातून आणलेले भांडवल त्यात गेले.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. बिल ऑफ एंट्री, म्हणजे सीमाशुल्क खात्याकडे द्यायचे आयातीचे विवरण, भरण्याआधी मी कंटेनरचा क्रमांक शिपिंग लाइनच्या संकेतस्थळावर टाकून त्याचा मागचा प्रवास पाहतो, फायटोसॅनिटरी (शेतमाल कीड-रोगमुक्त असल्याचे) प्रमाणपत्र मूळ देशाने दिलेले आहे की पुनर्निर्यातीचे आहे हे तपासतो आणि माल भरतानाची गोण्यांची छायाचित्रे मागवतो. यात दोन दिवस जातात. ज्यांना दोन दिवसही थांबवत नाही, त्यांचे काम मी घेत नाही. 2 मे 2025 पासून तर पाकिस्तानी मालाच्या आयातीवर, तो तिसऱ्या देशातून आला तरी, पूर्ण बंदी आहे. पुढच्याच महिन्यात महसूल गुप्तचर संचालनालयाने 'ऑपरेशन डीप मॅनिफेस्ट'मध्ये दुबईमार्गे आलेल्या अशाच मालाचे 39 कंटेनर, म्हणजे सुमारे 1,115 टन माल, पकडल्याचे जाहीर केले.

दुसरी चूक म्हणजे सगळेच कंटेनर स्कॅन केले की प्रश्न मिटेल, असे मानणे. अमेरिकेने 2007 साली तसा कायदाच केला : आपल्याकडे येणारा प्रत्येक कंटेनर परदेशी बंदरात जहाजावर चढण्यापूर्वी स्कॅन व्हावा, आणि हे 2012 पर्यंत पूर्ण व्हावे. सभागृहात हे बोलायला सोपे होते. परंतु यंत्रे कुठे बसवायची, खर्च कोणी करायचा, दुसऱ्या देशाच्या हद्दीत संशयित कंटेनर कोणी उघडायचा, यांवर एकमत झाले नाही, युरोपीय देशांनी विरोध केला आणि मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. न्हावाशेवाला वर्षाकाठी 70 लाखांहून अधिक टीईयूची (टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनरएवढे माप) उलाढाल होते. स्कॅनर घनतेतला फरक दाखवतो. त्या चित्राचा अर्थ लावायला माणूसच लागतो, आणि कुठे पाहायचे हे आधी माहीत असावे लागते. सप्टेंबर 2021 मध्ये गुजरातमधील मुंद्रा बंदरात सुमारे 3,000 किलो हेरॉइन सापडले, ते अफगाणिस्तानातील टाल्कच्या दगडांचे म्हणून इराणच्या बंदर अब्बासमार्गे आलेल्या दोन कंटेनरमध्ये होते, आणि त्यांच्यापर्यंत तपास यंत्रणा गुप्त माहितीवरून पोहोचली होती. म्हणून "स्कॅन होऊन सुटला, आता काळजी नाही" असे कोणी म्हटले की मला धास्ती वाटते.

टर्मिनल चालवणारी कंपनी कोणत्या देशाची आहे यावरून बंदराची सुरक्षा जोखू नये. 2006 साली दुबईच्या डीपी वर्ल्डने ब्रिटनची पी अँड ओ कंपनी घेतली, तेव्हा अमेरिकेत एवढा गदारोळ झाला की तिथला व्यवसाय त्यांना विकावा लागला; त्याच व्यवहारातून न्हावाशेव्याचे खासगी टर्मिनलही त्यांच्याकडे आले आणि ते आजही चालू आहे. दोन्हीकडे कंटेनर उघडण्याचा अधिकार सीमाशुल्क खात्याचाच होता.

मालाचे वर्णन "जनरल कार्गो" किंवा "सुटे भाग" असे मोघम लिहू नये. अमेरिकेला जाणाऱ्या मालाचा तपशील जहाजावर चढवण्याच्या 24 तास आधी द्यावा लागतो आणि तिथे असे वर्णन चालत नाही.

तपासणी टाळून देतो म्हणणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठवावे.

कंटेनरच्या दारावरील सीलचा क्रमांक बिल ऑफ लेडिंगशी स्वतः जुळवून पाहावा. मी दार उघडण्याआधी सीलचे छायाचित्र घेतो आणि सील कापल्यावर त्याचे दोन्ही तुकडे पाकिटात घालून फाइलला लावतो.