जुनं कोठार राखायचंय? आधी तुळयांची टोकं तपासा

जुना गोठा किंवा धान्याचं कोठार पुन्हा वापरात आणायचं असेल, तर भिंतींच्या भेगांआधी पाण्याची वाट शोधा. जोराचा पाऊस सुरू असताना आत उभं राहून छत बघा. कोरड्या दिवसांत गळती लपते. मग खांबांचे तळ आणि तुळया भिंतीत शिरतात ती टोकं पाहा. लाकूड कुजायला बहुतेक वेळा तिथूनच सुरुवात होते. टोचा, म्हणजे टोकदार हत्यार, लाकडावर हलकेच दाबा: चांगलं लाकूड अडवतं, कुजलेल्यात तो लोण्यात शिरावा तसा जातो. वरचा रंग शाबूत दिसला तरी फसू नका. ओलावामापकावर २० टक्क्यांच्या वरचा आकडा धोक्याचा समजा.

चुन्याच्या भिंतीला कुणी सिमेंटचा गिलावा केला असेल, तर ओल आतच कोंडते. गोठ्यात जनावरांच्या मूत्रातले क्षारही विटांत मुरतात, म्हणून भिंतीचा खालचा भाग भुसभुशीत लागतो का ते हाताने चाचपा.

माळ्याने गवताचं ओझं पेललं म्हणून तो माणसांची गर्दीही पेलेल असं धरून चालू नका. तो हिशोब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या. आणि साफसफाईला हात लावण्याआधी फोटो काढा, मापं घ्या. सुताराच्या जोडखुणा (कुठलं लाकूड कुठे जोडायचं ते दाखवणाऱ्या खुणा), गव्हाण, दाव्याने झिजलेला खांब हे सगळं नोंदीत यायलाच हवं.