जाडजूड कादंबरी हप्त्याहप्त्याने कशी वाचावी

जुळे सोलापुरात आमचं मेडिकल आहे. दुपारी दोन ते पाच गिऱ्हाईक तुरळक असतं, तोच माझा वाचनाचा वेळ. गल्ल्याशेजारचं पुस्तक पाहून कॉलेजची मुलं विचारतात, "काकू, एवढं जाड कसं काय संपवता ओ?" त्यांना मी एकच सांगते. ही पुस्तकं एका दमात संपवायला लिहिलेलीच नाहीत. एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी मोठ्या कादंबऱ्या नियतकालिकांतून तुकड्यातुकड्याने आल्या. तशाच वाचल्या की जड जात नाहीत.

आपल्याकडचंच बघा की. ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती. तिची नायिका यमू, तिची हकीकत वाचक आठवड्याच्या आठवड्याला थोडी थोडी वाचत होते. ती दोन बैठकींत उरकली तर दुःखावर दुःख साचतं आणि मन बधिर होतं. रोज एकदोन प्रकरणं घेतली तर यमू आपल्या घरात वावरायला लागते. भाकरी थापताना तिची आठवण येते. कादंबरी वाचायची ती यासाठीच, असं माझं ठाम मत आहे.

पुस्तक घेण्याआधी अनुक्रमणिका उघडून प्रकरणं मोजा. 'द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो'ची ११७ प्रकरणं आहेत, 'ले मिझराब्ल'ची ३६५. हातातल्या प्रतीत चाळीस-पन्नासच असतील तर तो संक्षेप आहे, मग मुखपृष्ठावर काहीही छापलेलं असो. संक्षेपात घटना उरतात आणि माणसं गळून पडतात. इंग्रजी जड जात असेल तर मराठी किंवा हिंदी अनुवाद खुशाल घ्या, त्यात कमीपणा काही नाही. फक्त तो पूर्ण असावा.

मग हप्ता ठरवा. डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ दर आठवड्याला येत होती, एका अंकात एक किंवा दोन प्रकरणं. पहिल्याच प्रकरणात कब्रस्तानात एक पळालेला कैदी छोट्या पिपला धरतो आणि कानस नि खायला आणायला लावतो. तिथे थांबा. दिवसभर तो पोरगा आता काय करील हे डोक्यात घोळू द्या. दुसऱ्या दिवशी पुस्तक स्वतःहून हातात येतं. द्युमाची 'माँटे क्रिस्टो' १८४४ ते १८४६ वर्तमानपत्रात चालली, सुमारे दीड वर्ष. ती तीन-चार महिन्यांत वाचलीत तरी तुम्ही त्या काळच्या वाचकांच्या कितीतरी पुढे आहात.

रशियन कादंबऱ्यांत लोक अडतात ते नावांपाशी, एकाच माणसाला वेगवेगळे लोक वेगवेगळ्या नावांनी हाक मारतात. त्यासाठी मी औषधाच्या रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्याची पट्टी कापते. आतली बाजू कोरी असते, त्यावर पेन छान चालतं. खूण म्हणून तीच पुस्तकात राहते. 'क्राइम अँड पनिशमेंट'ची माझी पट्टी अशी आहे: वर नायक रास्कोलनिकोव्ह, त्याखाली "आई-बहिणीचा रोद्या, परक्यांचा रोदिओन रोमानोविच". पुढची ओळ: "बहीण दूनिया म्हणजेच अव्दोत्या रोमानोव्हना". मग "सोन्या म्हणजेच सोफिया सेम्योनोव्हना, बाप मार्मेलादोव्ह". खाली कोपऱ्यात पोर्फिरी पेत्रोविच, आणि त्याच्यापुढे फक्त "तपास, सावध". कोण कुणाला कुठल्या नावाने हाक मारतो ते टिपत गेलं की कोणाची कोणाशी किती सलगी आहे हेही आपोआप कळतं. पट्टी दुसऱ्याकडून तयार घेऊ नका. नाव स्वतःच्या हाताने लिहिलं की ते डोक्यात बसतं.

प्रस्तावना शेवटी वाचा. अभिजात पुस्तकांच्या प्रस्तावना लिहिणारे शेवट सर्रास सांगून टाकतात.

काय गाळावं, हाही प्रश्न नेहमी येतो. माझं मत: गाळू नका, वेग वाढवा. 'ले मिझराब्ल'च्या दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला ह्यूगो कथा सोडून वॉटर्लूच्या लढाईत शिरतो आणि प्रकरणांमागून प्रकरणं तिथेच राहतो. तिथे भरभर चाला, पण त्या लढाईचं शेवटचं प्रकरण अक्षर न् अक्षर वाचा. रात्री रणांगणावर प्रेतांची लूट करणारा एक माणूस तिथे दिसतो, त्याच्याशी पुढच्या सगळ्या गोष्टीची गाठ आहे.

आता फँटसी, म्हणजे जादूच्या, कल्पित दुनियेच्या कादंबऱ्या. माझ्या मते फँटसी पोरांपुरती नाही आणि तीही अभिजात कादंबरीसारखीच सावकाश वाचायची असते. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीन खंड १९५४-५५ मध्ये आले. दुसरा नोव्हेंबर १९५४ मध्ये, तिसरा थेट ऑक्टोबर १९५५ मध्ये. दुसऱ्याच्या शेवटी नायक फ्रोडो शत्रूच्या तावडीत आणि त्याचा सोबती सॅम बंद दाराबाहेर. त्या अवस्थेत वाचकांनी जवळजवळ वर्ष काढलं! तुम्ही निदान एक आठवडा थांबा. तिसरा खंड उघडाल तेव्हा सॅमची घालमेल तुमची झालेली असेल. त्याच्या शेवटी वंशावळी आणि कालपट आहेत, ते आधी चाळत बसू नका.

फँटसी चांगली की वाईट हे ओळखायला मी एकच गोष्ट बघते: जादूची किंमत कोण मोजतं? अर्सुला ले ग्विन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'मध्ये (१९६८) रोक बेटावरच्या जादूच्या शाळेत मुलांना बजावतात की इथे पाडलेला पाऊस दुसऱ्या बेटावरचा दुष्काळ ठरू शकतो. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. सोलापूर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला त्या वाक्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. पुढे गेड नावाचा मुलगा ईर्ष्येपोटी नको ती विद्या वापरतो, त्याच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण राहतात आणि त्या विद्येने पडलेलं खिंडार बुजवताना शाळेच्या थोर गुरूचा जीव जातो. ज्या पुस्तकात मंत्र फुकट मिळतात, तिथे मला कुणाचीच काळजी वाटत नाही आणि ते मी बाजूला ठेवते.

आपल्याकडचं अद्भुतही वाचा: हळब्यांची 'मुक्तामाला' (१८६१) जुनी म्हणून एकदा, आणि नाथमाधवांची 'वीरधवल' मजा म्हणून केव्हाही.

वेळेचं म्हणाल तर पुण्याला जाणारी सकाळची हुतात्मा एक्सप्रेस म्हणजे एक चांगला मोठा हप्ता. खिडकी मिळाली नाही तरी चालेल, उजेड पुरेसा असतो. जानेवारीत आमच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत नवी कादंबरी धरू नका. सिद्धेश्वराची यात्रा, अक्षता सोहळा, घरात पाहुणे, धागा तुटतो. फेब्रुवारीत सुरू करा. एप्रिल-मेच्या दुपारी बाहेर पडायची सोय नसते, तोवर पुस्तक रंगात आलेलं असतं.

पहिल्यांदाच वाचणार असाल तर 'अर्थसी'पासून सुरुवात करा, ती लहान आहे. मग 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स', मग 'क्राइम अँड पनिशमेंट'. ह्यूगो त्यानंतर. पुस्तक वाचनालयातलं असेल तर परतीची तारीख पट्टीच्या मागे लिहा आणि मुदत वाढवून घ्यायला लाजू नका.