जुन्या केमिकल प्लॉटची माती साफ करताय? जेसीबी बोलवायच्या आधी या चुका टाळा

भोसरी, पिंपरी, चिंचवड पट्ट्यात सध्या जिकडे बघाल तिकडे जुन्या शेड पडतायत. प्लेटिंगवाल्याच्या मुलाला धंदा नको असतो, केमिकलवाला गाशा गुंडाळून कुरकुंभला जातो, आणि तो प्लॉट ‘आय टू आर’ (म्हणजे इंडस्ट्रियलचा रेसिडेन्शियल) करून तिथे टू बीएचकेचा बोर्ड लागतो. मातीचं काय असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "अहो वरची दोन फूट माती उचलू, चांगला मुरूम टाकू, झालं." मी असल्या प्लॉटवर मातीचे नमुने काढायचं काम करतो, म्हणजे दिवसभर उन्हात ऑगर (माती काढायचं गिरमिट) फिरवायचा आणि संध्याकाळी ट्रॅफिकमधून लॅबला बाटल्या पोचवायच्या, त्यामुळे या "झालं"च्या पुढे काय काय होतं ते बऱ्याचदा बघितलंय.

आधी खोदायचं, मग बघायचं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एका जुन्या प्लेटिंग शेडवर आम्ही शिस्तीत फक्की मारून दहा-दहा मीटरचे चौकोन पाडले, प्रत्येकात एक भोक, आकडे सगळे बरे आले. मालक खूश. निघताना वॉचमन मामांनी चहा दिला आणि सहज म्हणाले, "साहेब, त्या संडासाच्या मागं पावसाळ्यात पण गवत येत नाही, आणि पाणी साचलं की पिवळं दिसतं." आमच्या चौकोनांत ती जागा येतच नव्हती, कारण नकाशात तिथे फक्त ‘मोकळी जागा’ लिहिलेलं. गेलो, ऑगर फूटभरातच भरावातल्या विटांना अडकला, मग पहार घेतली. साधारण चार फुटांवर माती लिंबासारखी पिवळी. बाजूच्या विटांच्या भिंतीवर हळद भुरभुरावी तशी पूड सुटलेली. थोडी माती पाण्यात हलवली, वरचं पाणी बाटलीत घेऊन क्रोमियमच्या फील्ड किटची पुडी टाकली, दोन मिनिटांत जांभळं. हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप. तिथे पूर्वी ड्रेनचं चेंबर होतं आणि त्याचा जॉइंट कित्येक वर्षं गळत होता.

तर खोदायच्या आधी जुना प्लॅन मिळवा, टाक्या, सम्प, चेंबर, ड्रेनची लाइन, ड्रम कुठे ठेवायचे, लोडिंग कुठे व्हायचं, सगळं त्यावर टाका, आणि जुन्या ऑपरेटरांना, वॉचमनला, शेजारच्या टपरीवाल्याला विचारा. चौकोनी ग्रिड पाहिजेच, पण गळती चौकोन बघून होत नाही. पैसे कमी असतील तर चौकोन मोठे करा, पण चेंबर आणि टाकीजवळची भोकं कापू नका.

नमुना पिशवीत भरून आणणे

"साइटवर थिनरचा वास येतोय पण रिपोर्ट क्लीन आलाय," हा फोन वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. पहिला प्रश्न मी हाच विचारतो, नमुना कशात भरला होता? उत्तर, झिपलॉकच्या पिशवीत, आणि पिशवी दुपारभर गाडीच्या डिकीत. बेन्झीन, टोल्युइन, ट्रायक्लोरोइथिलीन असली उडून जाणारी मंडळी लॅबला पोचेपर्यंत कशाला थांबतील? नुकत्या उघड्या केलेल्या मातीतून लगेच पाचेक ग्रॅमचा छोटा गट्टू काढायचा, आधीच वजन केलेल्या मिथेनॉलच्या काचेच्या बाटलीत टाकायचा, झाकण घट्ट, आणि बर्फाच्या पेटीत चार डिग्रीच्या आसपास. पिशवी चालते ती फक्त पीआयडी मीटरसाठी (सॉल्व्हंटची वाफ मोजणारं हातातलं यंत्र), म्हणजे माती पिशवीत बंद करून दहा मिनिटं ठेवायची आणि टोक आत घालून वाफ मोजायची, आणि तोही नुसता अंदाज, धातू तर त्याला दिसतच नाहीत.

याचीच सख्खी बहीण म्हणजे पाच ठिकाणची माती एकत्र कालवून एकच नमुना पाठवणं. एका जागी ५०० असेल आणि चार जागी १०, तर रिपोर्टात येणार १०८. म्हणजे जिथे खरी घाण आहे तीही सुटली आणि जिथे काहीच नाही तिथेही उगाच संशय.

रिपोर्टात क्रोमियम दिसलं की घाबरणं (किंवा अजिबात न घाबरणं)

आपली काळी माती बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यात क्रोमियम, निकेल, तांबं, व्हॅनेडियम मुळातच जास्त असतं. परदेशातल्या कुठल्यातरी तक्त्याशी ताडून बघितलं तर पुण्यातलं अर्धं शेत लाल रंगात दिसेल. म्हणून प्लॉटच्या बाहेरून, तशाच मातीचे, कधी कारखाना नसलेल्या जागेचे तीन-चार नमुने घ्यायचेच. हे कोणी घेत नाही, कारण क्लायंट म्हणतो माझ्या जागेबाहेरच्या मातीचे पैसे मी का देऊ. अहो, ते चार नमुने तुमचे लाखो रुपये वाचवतील.

आणि उलटंही असतं. रिपोर्टात फक्त ‘टोटल क्रोमियम’ आहे, आकडा आसपासच्या मातीसारखाच, म्हणून सगळे निवांत. पण ट्रायव्हॅलंट आणि हेक्साव्हॅलंट यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पहिलं मातीला धरून बसतं, दुसरं पाण्याबरोबर चालू लागतं आणि कॅन्सरकारक आहे. लॅबला दोन्ही वेगळे मागा. तसंच मातीत एकूण किती आहे आणि त्यातून पाण्यात किती सुटतं हेही दोन वेगळे प्रश्न, दुसऱ्यासाठी टीसीएलपी नावाची टेस्ट असते, मातीच्या वीसपट द्रावणात १८ तास घुसळून बघतात. कचरा कुठे टाकायचा हे ठरवायला टीसीएलपी लागते, पण ‘टीसीएलपी पास’ म्हणजे पोरं तिथे खेळू शकतात असा अर्थ होत नाही.

किती साफ म्हणजे साफ, हे पण आधीच कागदावर ठरवा. राहत्या इमारतीची पट्टी वेगळी, गोडाऊनची वेगळी. कोडाईकनालचा थर्मामीटरचा कारखाना २००१ मध्ये बंद झाला आणि मातीत पारा २० मिलिग्रॅम प्रति किलोपर्यंत चालेल की त्याहून खूप खाली न्यायचा यावरच वर्षानुवर्षं भांडण चाललं.

चुना मारला की काम झालं

चुना हा आपल्याकडचा रामबाण. आम्लाच्या खड्ड्याला ठीक आहे, जरा बेतानं वापरला तर बरेचसे धातूही बसतात. पण पीएच ११-१२ च्या पुढे गेला की शिसं आणि जस्त परत विरघळायला लागतात, आणि हेक्साव्हॅलंट क्रोमियमला तर चुन्यानं काहीच फरक पडत नाही, उलट पीएच वाढला की ते मातीपासून आणखी सुटं होतं. तिथे लागतं हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, जे हेक्साचं ट्राय करून टाकतं.

"हिराकस टाकलं, पहिल्या टेस्टला शून्य आलं, महिन्याभरानं परत पिवळं." हे का होतं? बहुतेक वेळा ढेकळं. काळी चिकण माती बादलीएवढ्या ढेकळांत निघते, द्रावण बाहेरून लागतं आणि आतलं तसंच राहतं, मग हळूहळू बाहेर झिरपतं. माती आधी फोडून घ्या, पाण्यात कालवून नीट मिसळा, जेसीबीच्या बकेटनं वरवर परतायला हे कांदापोहे नव्हेत. दुसरं कारण डोस, हेक्सा क्रोमियमच्या एका अणूला फेरसचे तीन लागतात आणि हवेतला ऑक्सिजन त्यातलं बरंच खातो, तेव्हा गोण्या मोजायच्या आधी छोट्या बादलीत ट्रायल घ्या. तिसरं, विटा आणि काँक्रीट. ते वर्षानुवर्षं प्यायलेले असतात, माती साफ केली आणि पाया तसाच ठेवला तर तो परत ओकणार.

आणि एक, जो मी स्वतः एकदा करता करता वाचलो. सॉल्व्हंटसाठी परमँगनेट टाकायचं ठरलं होतं, ट्रायक्लोरोइथिलीनवर ते छान चालतं (बेन्झीनवर जवळजवळ नाही, हेही लक्षात ठेवा), पण त्याच मातीत प्लेटिंगचं निरुपद्रवी ट्रायव्हॅलंट क्रोमियम होतं. परमँगनेटनं तेच हेक्सा होऊन बसलं असतं. लॅबमधली ताई म्हणाली म्हणून कळलं, नाहीतर स्वतःच्या पैशानं प्रदूषण.

प्लॉटमधली बोअरवेल विसरणं

विहिरी खणणारे सांगतात तशी आपली जमीन, वर काळी, खाली मुरूम, मग मांजऱ्या (भोकाभोकांचा मऊसर खडक), मग काळा पाषाण. पाणी सगळं भेगांतून आणि सांध्यांतून. एप्रिल-मेमध्ये काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेव्हा सांडलेलं द्रव्य मातीत मुरत वगैरे नाही, थेट खाली जातं. टोल्युइन पाण्यापेक्षा हलकं, ते पाण्यावर तरंगत राहतं. ट्रायक्लोरोइथिलीन पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड, ते पाणी भेदून खाली पाषाणाच्या भेगेत जाऊन बसतं, आणि मग तुम्ही वर्षभर पंप करा, आकडे खाली येतात, पंप बंद केला की दोन-तीन महिन्यांत पुन्हा चढतात. अशा वेळी पंप मोठा करू नका, कुठेतरी मूळ साठा राहिलाय तो शोधा.

जुनी बंद पडलेली बोअर म्हणजे खालच्या पाण्यात सोडलेली स्ट्रॉच. खोदकामाच्या आधी ती शोधून खालून वर बेंटोनाइट (फुगणारी चिकणमाती) आणि सिमेंटनं भरून घ्या, तोंडावर फरशी ठेवणं म्हणजे बंद करणं नव्हे. आणि दूषित थरातून केसिंगशिवाय नवीन बोअर मारू नका, प्लीज.

जूनमध्ये खड्डा उघडा ठेवणं

परवानगी मार्चमध्ये मिळते, टेंडर मेमध्ये, खोदाई जूनच्या पहिल्या आठवड्यात. दरवर्षी हेच. साधा हिशोब करा, १० बाय १० मीटर, ३ मीटर खोल खड्डा म्हणजे ३०० घनमीटर. खोदल्यावर माती पाव पटीनं तरी फुगते, म्हणजे साधारण ३७५ घनमीटर, १३०-१४० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). कॉन्ट्रॅक्टर डंपर सांगतो ब्रासमध्ये आणि कचरा घेणारी साइट बिल लावते टनात, दोघांची सांगड आधीच घाला, ही माती साधारण ५०० टन भरेल. त्यावर पाऊस पडून दहा टक्के ओल वाढली तर ५० टन निव्वळ पाणी, तेही धोकादायक कचऱ्याच्या दरानं. आणि खड्ड्यात ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५,००० लिटर घाण पाणी, जे नाल्यात सोडता येत नाही. काढलेली माती खाली जाड एचडीपीईचं प्लास्टिक, वर ताडपत्री, कडेनं बांध, असं ठेवा.

माती गेली कुठे?

असली माती आपल्याकडून रांजणगावच्या धोकादायक कचऱ्याच्या सामाईक साइटवर जायला हवी, २०१६च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे फॉर्म १०चं मॅनिफेस्ट (डंपरबरोबर जाणारा कचऱ्याचा कागद), सात प्रती, घेणाऱ्याच्या सहीची प्रत परत आली की डंपर पोचला. पण रात्री एखादा डंपर राडारोडा म्हणून कुठल्यातरी नाल्याकाठच्या भरावात जातो. ती प्रत आल्याशिवाय बिल पास करू नका, दुसरा कुठलाही उपाय मी तरी बघितलेला नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्रानं दूषित जागांसाठी वेगळे नियम काढलेत, त्यात ज्यानं घाण केली त्याला शोधून साफसफाईचा खर्च त्याच्याच माथी मारायची तरतूद आहे, तेव्हा जुना प्लॉट विकत घेताना वकिलाला फक्त टायटल बघायला लावू नका.

बाकी बायोपाइल (तेल-सॉल्व्हंटची माती ढीग करून जंतूंकडून साफ करून घेतात तो) थंड पडला तर ओल, युरिया आणि हवा बघा (कार्बन, नत्र, स्फुरद १००:१०:१ असं साधारण धरतात), काळी माती दमट होऊन घट्ट बसते, तिच्यात उसाचं चिपाड मिसळलं की श्वास घेते. धातूंसाठी बायोपाइल कोणी विकत असेल तर त्याला नमस्कार करा. आणि कामगारांना सॉल्व्हंटच्या जागी कापडी किंवा धुळीचा मास्क देऊ नका, कार्बनचं कार्ट्रिज असलेला लागतो.

खड्डा बुजवायची घाई

त्याच प्लेटिंग शेडवर खड्ड्याच्या तळाचे आणि चारही भिंतींचे नमुने घेतले, रिपोर्ट सोमवारी येणार होता. रविवारी कॉन्ट्रॅक्टरचा डंपर दुसरीकडे रिकामा होता, म्हणून त्यानं मुरूम टाकून रोलर पण फिरवला, फोटो ग्रुपवर टाकला, खाली अंगठे. सोमवारी उत्तरेकडची भिंत फेल. मुरूम काढला, तोही आता त्या भिंतीला लागून दूषित, म्हणजे त्याचंही मॅनिफेस्ट. मामा बघत उभे होते, म्हणाले, "मी म्हणलं त्यांना, थांबा एक दिस."