प्रवाळाचे रंग खुलवण्यासाठी एलईडी दिवा कसा निवडावा

सोलापुरी चादर घेणारे जाणते गिऱ्हाईक दुकानातल्या ट्यूबलाइटखाली रंग पसंत करत नाही. ते चादर दारापर्यंत नेते, उन्हात धरून पाहते आणि मगच भाव विचारते. खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी दिवा घेताना हीच सवय ठेवावी. गडद निळ्या उजेडात बहुतेक प्रवाळे हिरवी-केशरी चमकतात, पण ती चमक पाहून दिवा चांगला ठरवता येत नाही. त्या दिव्याखाली प्रवाळ स्वतःच्या अंगात रंग तयार करते की नाही, हे महत्त्वाचे आहे आणि ते कळायला काही आठवडे जावे लागतात.

प्रवाळाच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहते. त्याचा मूळ रंग तपकिरी असतो आणि उजेडावर ते जे अन्न बनवते त्यावर प्रवाळाचा बराचसा गुजारा होतो. उजेड कमी पडला की शैवाल आपले रंगद्रव्य आणि संख्या वाढवते, त्यामुळे सगळे प्रवाळ मातकट दिसू लागते. उजेड भरपूर मिळाला तर अनेक प्रवाळे त्यापासून बचाव म्हणून गुलाबी, जांभळी, निळी प्रथिने तयार करतात. मात्र तो सोसण्यापलीकडे गेला तर शैवालच बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. म्हणून दिवा निवडताना आधी तीव्रतेचा विचार करावा, रंगछटेचा नंतर.

तीव्रता ‘पार’ (PAR), म्हणजे शैवालाला अन्न बनवण्यासाठी वापरता येणाऱ्या उजेडाच्या मापात मोजतात. मशरूम, झोअँथिड, लेदर अशा मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १५० पार पुरतो, तर अ‍ॅक्रोपोरासारख्या फांद्यांच्या दगडी प्रवाळांना २०० ते ३५० लागतो. सुरुवात मऊ प्रवाळांनीच करावी असे माझे स्पष्ट मत आहे. दगडी सांगाड्याच्या प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, त्यामुळे आपल्या समुद्रातून काढलेले प्रवाळ घेणे हा गुन्हा ठरतो. परदेशातून आणलेल्याचेही आयातीचे कागद पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मोबाइलमधील लक्स मोजणारे अ‍ॅप येथे उपयोगाचे नाही, कारण लक्स हे माणसाच्या डोळ्याचे माप आहे आणि निळा उजेड त्यात फारच कमी भरतो. पार-मीटर महाग असतो. दोघा-तिघांनी मिळून घ्यावा किंवा एका दिवसापुरता मागून आणावा.

आता रंगछटा. समुद्राच्या पाण्यात लाल उजेड वरच्या काही मीटरांतच शोषला जातो आणि निळा खोलवर पोहोचतो. प्रवाळातील शैवालही प्रामुख्याने ४०० ते ५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे जांभळा-निळा उजेड वापरते. त्यामुळे दिव्यात ४५० नॅनोमीटरच्या आसपासचे रॉयल ब्लू, ४७० चे निळे आणि ४२० चे जांभळे चिप असावेत, त्यांच्या जोडीला थोडे पांढरे. लाल-हिरवे नाममात्र असले तरी चालते. गोड्या पाण्यातील वनस्पतींसाठी मिळणारे ६५०० केल्विनचे (दिवसाच्या उजेडासारखे पांढरे) दिवे येथे घेऊ नयेत. निळा आणि पांढरा यांचे चॅनेल वेगवेगळे कमी-जास्त करता येत नसतील, तर स्वस्तात मिळणारा दिवाही सोडून द्यावा.

उजेड पसरतो कसा, हेही पाहावे. अरुंद भिंगाचा दिवा मध्यभागी प्रखर झोत टाकतो आणि कडेची प्रवाळे सावलीत राहतात. दोन फुटी टँकला रुंद कोनाचा एक दिवा बहुधा पुरतो; तीन फुटी टँकला एका मोठ्या दिव्यापेक्षा दोन मध्यम दिवे बरे.

नवा दिवा पहिल्या दिवशी पूर्ण ताकदीने लावू नये. ही चूक मी स्वतः केली आहे. तळहाताएवढे पसरलेले हिरवे मशरूम चौथ्या दिवशी रुपयाच्या नाण्याएवढे आक्रसले, त्याची कड कागदासारखी पांढरी झाली आणि ते सावरायला दोन महिने गेले. तेव्हापासून मी तीस टक्क्यांवर सुरुवात करतो, दर आठवड्याला पाच टक्के वाढवतो आणि रोज आठ ते नऊ तासांपलीकडे दिवा ठेवत नाही.

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो, आणि टँकचे पाणी मात्र २५ ते २७ अंशांत राहायला हवे. पाणी तापले की सर्वांत चांगल्या दिव्याखालीही रंग उडतो. म्हणून चिलरची (पाणी गार करणाऱ्या यंत्राची) किंवा एसीची सोय नसेल, तर दिव्याचे पैसे आधी तिकडे घालावेत. उन्हाळ्यात दिव्याची वेळ दुपारऐवजी सायंकाळी चार ते रात्री बारा ठेवल्यास भर दुपारच्या उष्णतेत दिव्याच्या उष्णतेची भर पडत नाही. आपल्याकडे धूळ पुष्कळ आणि त्यात मिठाचे शिंतोडे. दर रविवारी दिवा बंद करून, गार झाल्यावर, भिंग ओल्या कापडाने पुसावे. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते आणि क्षारता चढते. उडालेल्या पाण्याची भर बोअरच्या जड पाण्याने न घालता आरओच्या पाण्याने रोज घालावी.

भिंग पुसून झाल्यावर दिवा पांढऱ्या उजेडावर आणून, ठरलेल्या जागेवरून प्रत्येक प्रवाळाचा एक फोटो काढावा. मातकट छटा वाढत असेल आणि पाण्यातले नायट्रेट-फॉस्फेट (शैवालाचे खत) चढलेले नसेल, तर प्रवाळ थोडे वर सरकवावे. रंग फिका पडत असेल, तर ते खाली घ्यावे आणि नायट्रेट-फॉस्फेट अगदी शून्यावर तर गेले नाही ना, हे तपासावे. एका वेळी एकच बदल करावा आणि पुढचा बदल करण्यापूर्वी निदान चार रविवारचे फोटो शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत.